स्पेलिंग बरोबर, घोटाळा अर्थात

'चिल्ड बिअर'च्या जागी 'चाइल्ड बिअर' लिहिलेल्या पाटीचा फोटो तुमच्याकडेही कधीतरी आला असेल. आपण हसतो आणि दुसऱ्या ग्रुपवर टाकून मोकळे होतो. पण ती पाटी वाचून आजवर कुणी फसलंय का? ज्याला थंड बिअर हवी होती तो आत गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला. पाटीनं तिचं काम चोख केलं.

घोटाळा करतात त्या पाट्या वेगळ्याच. त्यांचं स्पेलिंग अचूक असतं, व्याकरण निर्दोष असतं, रंगही ताजा असतो. फक्त अर्थ दोन निघतात, किंवा वाचणाऱ्याच्या डोक्यात भलताच निघतो. अशा पाटीचा फोटो कुणी काढत नाही, कारण तिच्यात काही चुकलंय हेच लक्षात येत नाही.

द्रुतगती मार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे अडकलात की समोर लाल अक्षरांत दिसतं, 'हायली इन्फ्लेमेबल'. आता शाळेत शिकलेलं इंग्रजी आठवा. करेक्टचं उलट इनकरेक्ट, व्हिजिबलचं उलट इनव्हिजिबल. त्या हिशेबानं फ्लेमेबल म्हणजे पेटणारं, तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं व्हायला हवं. प्रत्यक्षात दोन्हींचा अर्थ एकच: भसकन पेट घेणारं. गोम अशी की लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा. दुसरा 'आत, मध्ये' या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमधला 'इन' हा दुसरा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ज्वाळेत घालणं, पेटवणं. डॉक्टर सूज आणि दाहाला इन्फ्लमेशन म्हणतात, तो शब्द याच घरातला.

म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीनं टँकरवरचा शब्द शंभर टक्के शुद्ध आहे, आणि तरीही धोक्याच्या पाटीवर लिहायला तो वाईट आहे. हे आधी कळलं ते आगीशी रोज झुंजणाऱ्यांना. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेनं 1920 च्या दशकातच 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला. ब्रिटिश मानक संस्थेनं 1959 साली तेच धोरण जाहीर केलं. धोक्याच्या आंतरराष्ट्रीय लेबलांवरही आज 'फ्लेमेबल' असतं. आपल्या टँकरांच्या पाठीवर मात्र जुना शब्द अजून ठाण मांडून आहे.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायला नको. आपल्याकडे 'वि' हा उपसर्ग असाच दुतोंडी आहे. विफल, विरूप, विसंगत यांत तो नकार देतो; विज्ञान, विख्यात, विशुद्ध यांत तोच शब्दाला जोर देतो. आणि इन्फ्लेमेबलचा सख्खा मराठी भाऊ हवा असेल तर तो 'अपरोक्ष'. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, म्हणून अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. वेदान्तातली अपरोक्षानुभूती ती हीच. पण आपण सर्रास म्हणतो, "माझ्या अपरोक्ष त्यानं साहेबांना सांगितलं," आणि ऐकणाराही पाठीमागे सांगितलं असंच समजतो. इंग्रजीत नसलेला नकार लोकांनी वाचला, मराठीत असलेला नकार लोकांनी गिळला. बोलताना यानं काही बिघडत नाही. संदर्भ असतो, चेहरा असतो, आणि शंका आली तर "म्हणजे समोर की मागे?" असं विचारता येतं. पाटीला काही विचारता येत नाही. बोललेला शब्द आणि पाटीवरचा शब्द यांत सगळा फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

टँकरच्या बाबतीत एक चांगली सोय मात्र आहे. त्याच्या पाठीवर एक चौकट असते आणि तिच्यात चार आकडी क्रमांक. 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल, 1075 म्हणजे एलपीजी. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले हे क्रमांक आहेत, आणि अपघात झाला की अग्निशमन दलाचा जवान शब्दांआधी तो आकडा शोधतो. आकड्याला उपसर्ग लागत नाही.

शब्दामुळे आग लागते का, हा प्रश्न विचारणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. बेंजामिन ली व्हॉर्फ. भाषाशास्त्रात त्याचं नाव मोठं आहे, पण पोटापाण्यासाठी तो कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत नोकरी करायचा. काम काय, तर कारखान्यांना भेटी द्यायच्या आणि आगी का लागतात ते शोधायचं. सुरुवातीला तो वायरिंग, भट्ट्या, हवा खेळायला जागा आहे का, हेच बघायचा. हळूहळू त्याला दिसू लागलं की काही आगींच्या मुळाशी एखादा साधा शब्द असतो. त्याचं गाजलेलं उदाहरण पेट्रोलच्या पिंपांचं. 'भरलेली पिंपं' ठेवलेल्या जागी माणसं जपून वावरत. 'रिकामी पिंपं' असं म्हटलेल्या जागी तीच माणसं सिगारेट पेटवत.

आता यातलं विज्ञान बघा. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच, साधारण दीड ते साडेसात टक्के. गच्च भरलेल्या पिंपात वाफेला आणि हवेला जागाच नसते. 'रिकाम्या' पिंपात तळाशी चार थेंब उरलेले असतात, त्यांची वाफ होते आणि वर भरपूर हवा असते. म्हणजे स्फोटाची सगळी तयारी रिकाम्या पिंपातच. पण रिकामं म्हटलं की मनात येतं आता त्यात काही नाही, आणि काही नाही म्हणजे धोका नाही. व्हॉर्फनं यापुढे जाऊन भाषाच विचार घडवते असे जे मोठे सिद्धान्त मांडले त्यांवर अजून भांडणं चालू आहेत आणि मलाही ते सगळे पटत नाहीत. पिंपाचं मात्र पटतं. गॅरेजमध्ये रिकाम्या डब्याला वेल्डिंग करायला घेणारा कारागीर त्याच शब्दाला भुललेला असतो.

शब्द सरळ असले तरी वाक्याची बांधणी दगा देऊ शकते. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यांपाशी एक सूचना वर्षानुवर्षं आहे: 'डॉग्ज मस्ट बी कॅरीड', कुत्र्यांना उचलून घेतलंच पाहिजे. हिच्यावरून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या विनोद झालेत. माझ्याकडे कुत्राच नाही, मग मला जिन्यावर येऊ देणार की नाही? आता हिच्या शेजारी दुसरी पाटी ठेवा: 'शूज मस्ट बी वॉर्न', बूट घातलेच पाहिजेत. बांधणी तंतोतंत तीच. पण इथे माझ्याकडे बूटच नाहीत असं म्हणून अनवाणी माणूस आत जाऊ शकत नाही. पहिल्या वाक्यात 'असला तर' हे गृहीत आहे, दुसऱ्यात 'असायलाच हवं' हे. दोन्हीही कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ते आपण घरून आणतो. माणसं साधारण बूट घालतात आणि कुत्रे सगळेच पाळत नाहीत, हे जगाचं ज्ञान आपण वाक्यात भरतो, तेव्हा कुठे ते वाक्य पुरं होतं. मराठी पाटी लिहिणाऱ्या कारकुनानं इथे सहज 'कुत्रा सोबत असल्यास' लिहिलं असतं. आपल्या सरकारी मराठीला आपण नावं ठेवतो, पण तिच्यातलं ते 'असल्यास' लाख मोलाचं आहे.

इंग्रजीची अडचण अशी की पाटीवर जागा वाचवायला ती बारीकसारीक शब्द गाळते, आणि नेमके तेच शब्द नाम कुठलं, क्रियापद कुठलं हे सांगत असतात. मराठीत 'चा-ची-चे' शब्दाला चिकटलेलेच असतात, ते गाळता येत नाहीत. इंग्रजीत गळती सुरू झाली की 'स्लो चिल्ड्रन' म्हणजे 'हळू चालवा, मुलं आहेत' की 'मंदबुद्धी मुलं', हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ब्रिटनमध्ये रस्त्याचं काम चालू असलं की 'हेवी प्लांट क्रॉसिंग' अशी पाटी लागते. प्लांट म्हणजे इथे अवजड यंत्रं. झाड रस्ता ओलांडत नसतं. दाराला धोक्याची घंटा जोडलेली असली की 'धिस डोअर इज अलार्म्ड' लिहितात, आणि दार बिचारं घाबरलंय असाही अर्थ होतो. पण माझी सगळ्यांत आवडती पाटी 'कॅट्स आइज रिमूव्ड'. मांजरींचे डोळे काढले आहेत! रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारे रस्त्यातले ते काचेचे खडे, त्यांना तिकडे मांजराचे डोळे म्हणतात. यॉर्कशायरमधल्या पर्सी शॉ यांनी 1934 साली त्यांचं पेटंट घेतलं. रस्त्यावर नवा थर टाकताना खडे काढतात आणि चालकांना सावध करायला ही भयंकर पाटी उभी करतात. स्थानिक माणूस तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुण्याहून लेकाकडे गेलेल्या आजींनी ती वाचली तर दिवसभराचं जेवण जाणार नाही.

याउलट काही भांडणं निव्वळ हौसेची. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत झटपट बिलाच्या रांगेवर 'दहा आयटम ऑर लेस' लिहिलेलं असायचं. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' नाही, 'फ्यूअर' हवं, म्हणून व्याकरणप्रेमींनी डोकं खाल्लं. शेवटी टेस्कोनं 2008 साली 'अप टू टेन आयटम्स' करून वाद मिटवला. हा नियम तरी किती जुना? 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकानं आपली आवड म्हणून तो सुचवला होता. आपण कमी पाणी म्हणतो आणि कमी माणसंही म्हणतो; कुणाचा हिशेब चुकत नाही.

आता आपल्या भिंतींकडे येऊ. 'कमिट नो न्यूसन्स.' 'स्टिक नो बिल्स.' मुंबईच्या जुन्या भिंतींवर हे अजून वाचायला मिळतं. इंग्रजांचं राज्य गेलं तरी त्यांचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भिंतीवर राहिलं. यातलं बिल म्हणजे भित्तिपत्रक किंवा हस्तपत्रक, विजेचं बिल नव्हे. आणि न्यूसन्स हा कायद्याचा शब्द आहे: आजूबाजूच्या लोकांना त्रास, इजा किंवा उपद्रव. मराठी वर्तमानपत्रांतलं 'उपद्रवमूल्य' त्यातूनच आलं, आणि नागपूर महापालिकेच्या 'उपद्रव शोध पथका'तही तोच आहे. भिंतीला मात्र एवढंच म्हणायचं असतं की इथे लघवी करू नका. ते उघड म्हणायची लाज वाटली, म्हणून कायद्याचा सभ्य शब्द पुढे केला. परिणाम असा की ज्याला तो शब्द कळतो तो बहुधा भिंतीपाशी थांबत नाही, आणि जो थांबतो त्याला तो शब्द कळत नाही. मराठीत लिहितानाही आपण पुष्कळदा लाजतो आणि 'लघुशंका करू नये' म्हणतो. लहानशी शंका! घाईत आलेल्या माणसाच्या मनात शंका कुठली उरलेली असते?

पाटी लिहिणारा, रंगवणारा आणि वाचणारा असे तिघं असतात आणि तिघांची भाषा एक असेलच असं नाही. पेंटरला पुष्कळदा शब्द नव्हे, आकार दिलेला असतो. हे आपल्याकडेच होतं असं नाही. वेल्समध्ये रस्त्याच्या पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लावतात. 2008 साली स्वॉन्सी इथे एका पाटीवर वर इंग्रजीत 'अवजड वाहनांना प्रवेश नाही' होतं आणि खाली वेल्शमध्ये 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम पाठवून ठेवा' अशा अर्थाचा मजकूर. कौन्सिलनं भाषांतरासाठी ईमेल पाठवला होता. उलट टपाली वेल्शमध्ये जे आलं तेच भाषांतर समजून छापलं गेलं. ते होतं भाषांतरकाराच्या रजेचं आपोआप जाणारं उत्तर. पाटी तयार करून खांबावर चढवेपर्यंत ती एकाही वेल्श वाचणाऱ्याच्या नजरेखालून गेली नाही.

ट्रकच्या मागे लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' हे या सगळ्यांपेक्षा निराळं. तीन शब्द, व्याकरण शून्य, तरी देशभर सगळ्यांना कळतं: ओव्हरटेक करताना हॉर्न द्या. अर्थ कळण्यात अडचण कधीच नव्हती. अडचण ही की ती विनंती सगळ्यांनी फारच मनावर घेतली. एप्रिल 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं गाड्यांवर हे शब्द लिहायला मनाई केली. त्यामुळे चालकांना विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं, असं कारण दिलं. शब्द गेले की नाही ते पुढच्या ट्रकमागे बघा. हॉर्न गेला नाही, हे खिडकी उघडली की कळतं.

हसण्यावारी न्यायचा नाही असा एक शब्द मात्र आपल्या भारतीय इंग्रजीत आहे. 'ईव्ह टीझिंग'. पोलिसांच्या फलकांवर, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तो वर्षानुवर्षं लिहिला गेला. ईव्ह म्हणजे बायबलमधली पहिली स्त्री, मोहाची गोष्ट जिच्या नावावर आहे ती. टीझिंग म्हणजे मित्रानं मित्राची केलेली थट्टा. बसमध्ये मुलीच्या अंगाला हात लावणं, तिचा पाठलाग करणं, यासाठी जोडलेल्या या शब्दाचे दोन्ही भाग खोटं बोलतात. पहिला म्हणतो, तीच मोहात पाडते. दुसरा म्हणतो, त्यानं नुसती गंमत केली. तमिळनाडूनं तर 1998 साली याच नावाचा कायदा केला होता. 2002 मध्ये त्याचं नाव बदलून त्यात 'महिलांचा छळ' असा उल्लेख आला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबंद शब्दांबद्दल एक पुस्तिका काढली, तिच्यात ईव्ह टीझिंगऐवजी 'रस्त्यावरचा लैंगिक छळ' या अर्थाचा शब्द सुचवला आहे. आपलं 'छेडछाड' तरी कुठे वेगळं आहे? सतारीची तार छेडतात, सूर छेडतात, आणि त्याच क्रियापदानं मुलीचीही छेड काढतात. कायद्याच्या मराठीतला 'विनयभंग' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जातो. तिथे भंगतो तो तिचा विनय. ज्यानं हात टाकला तो शब्दात कुठेच नाही.

रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत असे दुतोंडी शब्द पुष्कळ आहेत. बँकेनं आपलं कर्ज 'सँक्शन' केलं की घरी पेढे येतात. अमेरिकेनं इराणवर 'सँक्शन्स' लादले की पेट्रोलची चिंता सुरू होते. एकाच शब्दानं परवानगी आणि निर्बंध दोन्ही. 'टेबल करणं' तर देशागणिक फिरतं. ब्रिटनमध्ये आणि आपल्या संसदेत त्याचा अर्थ सभागृहाच्या पटलावर ठेवणं, विचारासाठी पुढे आणणं. अमेरिकेत बाजूला सारणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची एका बैठकीत लांबलचक खडाजंगी झाली, असं चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. आणि दोन्ही बाजूंना हवं होतं एकच!

गंमत अशी की ज्या शब्दांवरून आपल्या इंग्रजीची चेष्टा होते, त्यांतले काही अस्सल इंग्रजीपेक्षा नेटके आहेत. 'प्रीपोन' घ्या. पोस्टपोन म्हणजे नंतर ठेवणं, मग आधी ठेवणं ते प्रीपोन. आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे, पण तो ऐकून नाक मुरडणारे अजून भेटतात. त्यांना विचारा, तुम्ही काय म्हणाल? ते म्हणतील, मीटिंग 'मूव्ह फॉरवर्ड' केली. इथेच मेख आहे. 'बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड सरकवली' असं ऐकल्यावर बैठक सोमवारी की शुक्रवारी? लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कर या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला होता. कुणालातरी न्यायला येऊन थांबलेल्यांची उत्तरं जवळपास अर्धी-अर्धी विभागली गेली. नुकतेच विमानातून उतरलेले लोक 'शुक्रवार' जास्त म्हणाले. ज्याला आपण स्वतः काळातून पुढे चाललोय असं वाटतं, त्याचं फॉरवर्ड म्हणजे शुक्रवार. ज्याला काळच आपल्याकडे येतोय असं वाटतं, त्याचा सोमवार. आपण मराठीतही दोन्ही बोलतो: 'दिवाळी जवळ आली' आणि 'कसेबसे दिवाळीपर्यंत पोचलो'. पण तारखेच्या बाबतीत आपली भाषा ठाम आहे. लग्न पुढे गेलं म्हणजे लांबलंच, अलीकडे घेतलं म्हणजे लवकर.

म्हणून मराठीनं फार मिजास दाखवावी असं मात्र नाही. आपल्याकडे 'परवा' आहे. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोघांना एकच शब्द. बोलताना क्रियापद सांभाळून घेतं: परवा आलो होतो, परवा येईन. पण पाटीवर पहिला बळी क्रियापदाचाच जातो.

आमच्या गल्लीतल्या वाणसामानाच्या दुकानावर मागे एका सकाळी पुठ्ठा लटकत होता: 'परवा दुकान बंद'. इतकंच. अक्षर सुबक, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. दुकान तर उघडंच होतं, म्हणजे येणारा परवा असणार, असं मी बोटं मोजून ठरवलं आणि तरी खात्री करायला विचारलं, "काका, बंद म्हणजे शुक्रवारी ना?"

"नाही हो, उद्या," पुडी बांधता बांधता काका म्हणाले. "पाटी कालची आहे."